‘सर्व्हर डाऊन’ ही सबब आता पुरे

21 मे 2025. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी त्या दिवशी सुरू व्हायची होती. आठवडाभर आधी, 13 मे रोजी दहावीचा निकाल लागला होता आणि सुमारे साडेचौदा लाख मुले उत्तीर्ण झाली होती. ठाणे जिल्ह्यातल्या मोहने-आंबिवलीच्या मुलांना हा प्रकार नवा नव्हता, कारण मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश 2009 पासून ऑनलाइन होत आले आहेत. नवे एवढेच होते, की त्या वर्षी प्रथमच चांद्यापासून बांद्यापर्यंतचा सगळा महाराष्ट्र एकाच संकेतस्थळावर येणार होता. ते संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत मुले गुणपत्रिका हातात धरून ताटकळली, पालकांची अर्ध्या दिवसाची रजा वाया गेली. शेवटी प्रक्रिया थांबवून ती 26 मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

या गोंधळातली सगळ्यात क्लेशदायक बाब अशी, की तो होण्याचे काही कारणच नव्हते. अकरावीचा प्रवेश गुणवत्तेवर होतो. पहिल्या तासात अर्ज भरणाऱ्याला अधिक गुण मिळत नाहीत आणि चौथ्या दिवशी भरणाऱ्याची जागा जात नाही. म्हणजे ही गर्दी चार दिवसांत पसरवता येण्याजोगी होती. संकेतस्थळाच्या दारातच प्रत्येकाला ‘तुमची पाळी आज दुपारी तीननंतर’ असे सांगता आले असते. सांगणारी व्यवस्था दारात नव्हती, किंवा असलीच तरी ती कामाला आली नाही.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण आता पावसासारखे स्वीकारले आहे. बँकेत, तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, रुग्णालयाच्या खिडकीवर ते ऐकले की माणूस मुकाट्याने घरी परततो. पण बहुतेक वेळा यंत्रे कमी पडलेली नसतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या रहदारीला शिस्त नसते. ही शिस्त लावण्याची साधने गेली दहा वर्षे उपलब्ध आहेत, त्यातली बरीचशी फुकट आहेत आणि ती चालवणारे हजारो मराठी अभियंते याच ठाणे जिल्ह्यात राहतात. तरीही सार्वजनिक सेवांच्या बाबतीत या साधनांची चर्चा होत नाही. ती व्हायला हवी.

आधी पडद्यामागे काय असते ते पाहू. मोबाइलवर दिसणारे एक पान म्हणजे एक प्रोग्राम, असा आपला समज असतो. मोठ्या सेवांमध्ये ते खरे नाही. लॉगिन तपासणारा प्रोग्राम वेगळा, नाव-पत्ता आणणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा, एसएमएस पाठवणारा वेगळा. अशा छोट्या, स्वतंत्रपणे चालणाऱ्या सेवांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एक बटण दाबले की या सेवा एकमेकींना डझनावारी निरोप पाठवतात.

त्याचा जिवंत नमुना म्हणजे 10 जुलै 2019 चा दिवस. मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत न्यूझीलंडविरुद्ध झुंजत होता आणि मुंबईतून चालणाऱ्या हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख लोक सामना पाहत होते. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. धोनी धावबाद झाला आणि लोक झपाट्याने बाहेर पडू लागले. सामान्य माणसाला वाटेल, चला, भार हलका झाला. प्रत्यक्षात नेमके उलटे होते. लाखो लोक एकाच क्षणी ‘बॅक’चे बटण दाबतात आणि मुखपृष्ठावर येतात. मुखपृष्ठ प्रत्येकासाठी निराळे बनते: तुम्ही काय पाहिले होते, पुढे काय आवडेल, तुमची वर्गणी कोणती, हे सारे निरनिराळ्या सेवांना विचारावे लागते. व्हिडिओ पाहणारा माणूस या सेवांना फारसा त्रास देत नाही. बाहेर पडणारा देतो. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी आधीच ठरवून ठेवले होते, की भार वाढला की शिफारशींसारख्या बिनमहत्त्वाच्या गोष्टी बंद करायच्या आणि सामना चालू ठेवायचा. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हा आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला, तरी सामना दिसत राहिला. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे शांतपणे, आधी ठरवून ठेवणे हीच यातली खरी हुशारी.

दुसरे उदाहरण प्रत्येकाच्या खिशातले आहे. 12 एप्रिल 2025, शनिवार, हनुमान जयंती. देवळांबाहेर नारळ-फुलांची विक्री जोरात असताना यूपीआय काही तास अडखळले. मार्चच्या अखेरीपासून हे किमान तिसऱ्यांदा घडत होते. क्यूआर कोड स्कॅन करायचा, पिन टाकायचा आणि गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत राहायचे. दुकानदाराचा स्पीकर गप्प. खात्यातून पैसे गेले की नाही, हे गिऱ्हाइकाला कळेना आणि विक्रेत्यालाही. लोकांना वाटले, सणामुळे व्यवहार फार झाले असतील. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या तपासात निघाले ते वेगळेच. ‘त्या व्यवहाराचे काय झाले?’ अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा पूर आला होता. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा तीच विचारणा करत होत्या. उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा विचारायचे, त्याने उशीर आणखी वाढला की आणखी जोरात विचारायचे. खऱ्या पैशांच्या व्यवहारांना वाट मिळाली नाही ती या चौकशांच्या गर्दीमुळे.

मोहन्याच्या रहिवाशाला ही गोष्ट पाण्यावरून चटकन समजेल. मोहन्यालगत मोहिलीला उल्हास नदीचे पाणी उचलून ते शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीला पुरवले जाते. पाणी सुटले की चाळीतला पहिला माणूस थेट जलवाहिनीला मोटर लावतो. दाब कमी झाला म्हणून दुसरा लावतो, मग तिसरा. पाणी तेवढेच असते, पण टोकाच्या घरांचा नळ कोरडा पडतो. संगणकाच्या दुनियेत या मोटरचे नाव रिट्राय. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा मागणी करणे. एकेकट्याने पाहिले तर प्रत्येकाचे वागणे समजण्यासारखे आहे; सगळ्यांचे मिळून ते जीवघेणे ठरते.

आणि त्याचा गुणाकार भयंकर असतो. समजा, अ नावाची सेवा ब-ला विचारते, ब क-ला आणि क डेटाबेसला. प्रत्येकीला सूचना आहे, की उत्तर आले नाही तर आणखी तीनदा प्रयत्न कर. म्हणजे प्रत्येक पायरीवर चार मागण्या. तीन पायऱ्यांचा गुणाकार चार गुणिले चार गुणिले चार. वरती एका माणसाने एकदा बटण दाबले आणि खाली आधीच दमलेल्या डेटाबेसवर 64 मागण्या आदळल्या. त्यात तो माणूस वैतागून स्वतःच तीनदा पान रिफ्रेश करतो. जास्त सर्व्हर विकत घेऊन हा गुणाकार संपत नाही. तो मुळात थांबवावा लागतो.

थांबवायचा कुठे, याची दोन उत्तरे आहेत. पहिले दारात. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी ज्या एका ठिकाणातून आत शिरते, त्याला गेटवे म्हणतात. कोण आले आहे, त्याला आत सोडायचे का, मिनिटाला किती वेळा सोडायचे, कोणत्या सेवेकडे धाडायचे, हे गेटवे ठरवतो. मर्यादा ओलांडणाऱ्याला तो परत पाठवतो आणि किती वेळाने यायचे तेही सांगू शकतो. इंटरनेटच्या नियमांत या उत्तरासाठी 429 हा खास क्रमांक 2012 पासून ठरलेला आहे. अर्धा तास लटकवून मग तोंडावर दार आपटण्यापेक्षा पहिल्याच सेकंदाला ‘पाच मिनिटांनी या’ असे सांगणे कितीतरी माणुसकीचे.

दुसरे उत्तर आत, सेवा आणि सेवा यांच्या मधल्या वाटांवर. लिफ्ट या अमेरिकी टॅक्सी कंपनीत मॅट क्लाइन आणि सहकाऱ्यांनी एन्व्हॉय नावाचा प्रॉक्सी लिहिला आणि सप्टेंबर 2016 मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. कल्पना अशी, की प्रत्येक सेवेच्या शेजारी एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवायचा आणि येणारे-जाणारे सगळे निरोप त्याच्या हातून न्यायचे. त्याच सुमारास ट्विटरमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी लिंकर्डी आणले. मे 2017 मध्ये गूगल, आयबीएम आणि लिफ्ट यांनी मिळून इस्टिओ जाहीर केले. अशा सगळ्या पहारेकऱ्यांच्या आणि त्यांना एका जागेवरून नियम पुरवणाऱ्या यंत्रणेच्या जाळ्याला सर्व्हिस मेश म्हणतात. उत्तराची किती वेळ वाट पाहायची, किती वेळा पुन्हा विचारायचे, समोरची सेवा सतत नापास होत असेल तर तिला काही वेळ विचारणेच बंद करून सावरायला कधी सवड द्यायची, हे नियम मेशमध्ये एकदा लिहिले की सगळ्या सेवांना लागू होतात. प्रत्येक प्रोग्रामरच्या मर्जीवर ते राहत नाहीत. नवीन आवृत्ती आधी पाच टक्के लोकांनाच द्यायची आणि ठीक चालली तर वाढवायची, हेही तिथेच जमते. शिवाय कुठल्या वाटेवर निरोप तुंबले आहेत हे दिसते, आणि बिघाडाच्या वेळी निम्मा वेळ तर ते शोधण्यातच जातो.

दारातल्या शिस्तीचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. 28 एप्रिल 2021 रोजी दुपारी चार वाजता 18 वर्षांवरील सर्वांसाठी को-विन या कोविड लसीकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी खुली झाली, तेव्हा मिनिटाला 27 लाख मागण्या येत होत्या. पहिली काही मिनिटे ओटीपीसाठी लोक तळमळले, पण यंत्रणा सावरली. पुढच्या काही दिवसांत लसीच्या जागा शोधणारे प्रोग्राम लिहून तरुणांनी को-विनला भंडावून सोडले, तेव्हा तिथे मर्यादा आली: एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत 100 मागण्या, आणि जागांची माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल. काही हुशार मुले त्यावर रागावली. पण ज्याच्याकडे प्रोग्राम लिहिणारा भाचा नव्हता, त्या माणसाच्या बाजूने तो निर्णय होता, आणि म्हणून योग्य होता.

तत्काळ तिकिटांचेही तसेच. रेल्वेने जून 2025 मध्ये स्वतःच सांगितले, की तत्काळ खिडकी उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत यंत्रांचे, म्हणजे बॉटचे असत. दारावरच त्यांना गाळणारी व्यवस्था बसवली गेली, 1 जुलैपासून आधार पडताळणी झालेल्यांनाच ऑनलाइन तत्काळ तिकीट मिळू लागले आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आली. गावी निघालेल्या आंबिवलीच्या कुटुंबाला आरक्षण मिळेल की नाही, हे सर्व्हरच्या ताकदीइतकेच दारातल्या अशा नियमांवर ठरते. रहदारीचा नियम हा शेवटी वाटपाचा नियम असतो. कोण आधी, कोण नंतर, कोणाला नाही. तो तांत्रिक खोलीत गुपचूप ठरू नये, सर्वांना ठाऊक असावा, अशी मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे.

या बाबतीत एनपीसीआयचे पुढचे वागणे वाखाणण्याजोगे आहे. बिघाडानंतर दोन आठवड्यांत त्यांनी बँकांना कळवले, की व्यवहारानंतर किमान 90 सेकंद थांबल्याशिवाय विचारणा करायची नाही आणि दोन तासांत तीनपेक्षा अधिक वेळा नाही. मे महिन्यातल्या परिपत्रकाने 1 ऑगस्ट 2025 पासून आणखी मर्यादा आल्या: एका ॲपमधून दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येईल, जोडलेल्या खात्यांची यादी 25 वेळाच मागता येईल, आणि आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून कापले जातील. त्या ऑगस्टमध्ये यूपीआयने एका महिन्यात 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा प्रथमच ओलांडला. शिल्लक 50 वेळा पाहण्याची मर्यादा ऐकून अनेकांनी नाके मुरडली होती. भाजीवालीला मिळणाऱ्या वीस रुपयांना वाट मोकळी राहावी म्हणून कोणाची तरी एक्कावन्नावी चौकशी अडवावी लागली, तर ती अडवलीच पाहिजे.

मात्र ही साधने बसवली की प्रश्न सुटला, असे सांगणाऱ्या विक्रेत्यांपासून सावध राहिले पाहिजे. सर्व्हिस मेश महाग प्रकरण आहे. प्रत्येक सेवेशेजारचा पहारेकरी संगणकाची मेमरी खातो, वेळ खातो, आणि तो सांभाळायला जाणकार माणसे लागतात. खुद्द इस्टिओच्या मंडळींनी मार्च 2020 मध्ये आपल्या नियंत्रण यंत्रणेतल्या अनेक मायक्रोसर्व्हिस मोडून त्यांचा एकच प्रोग्राम केला, कारण त्या तुकड्यांचा उपयोग कमी आणि जाच जास्त होता. पुढे तर शेजारचा पहारेकरी काढून टाकणारी पद्धतही त्यांनीच आणली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती पक्की केली. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका गटाने 2023 मध्ये आपली विखुरलेली यंत्रणा एकत्र केली आणि खर्च 90 टक्क्यांनी कमी झाल्याचे जाहीर केले. गरज नसताना तुकडे करायचे आणि मग ते तुकडे सांधायला मेश आणायची, हा उलटा कारभार नगरपालिकेच्या पैशांतून होऊ नये.

दार स्वतःच कोसळते तेव्हा काय होते, तेही 2025 मध्ये दिसले. 12 जूनला गूगल क्लाउडच्या जगभरातल्या सेवा काही तास ठप्प झाल्या. मूळ दोष होता तो प्रत्येक मागणीची परवानगी आणि मर्यादा तपासणाऱ्या यंत्रणेतच. तिच्यात दोन आठवड्यांपूर्वी टाकलेला नवा कोड नीट पारखला गेला नव्हता. एका नियमात काही रकाने रिकामे राहिले, तो नियम काही सेकंदांत जगभर पसरला आणि तपासनीसच कोसळला. दुरुस्तीनंतर सगळे तपासनीस एकदम उठले आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रात त्यांनी खालच्या डेटाबेसवर एकाच वेळी झडप घातली. प्रत्येकाने थोडे मागेपुढे, वेगवेगळ्या क्षणी उठावे, ही साधी काळजी राहून गेली होती. गूगलने हे सगळे लपवले नाही. चूक कुठे, कोणत्या दिवशी, कशी झाली आणि काय बदलणार, याचा तपशीलवार अहवाल कंपनीने स्वतः प्रसिद्ध केला.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. अकरावीचे संकेतस्थळ कशामुळे बंद पडले? सप्टेंबर 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. तेव्हा कोंडी संकेतस्थळात होती, एसएमएसच्या वाटेवर होती की आधारच्या पडताळणीत? मुदत वाढवली गेली, ते बरेच झाले. पण मुदतवाढ हा उपाय नाही. ओटीपी देणारी सेवा दमली असेल, तर अर्ज घेणाऱ्या यंत्रणेने ते ओळखून ‘आत्ता पडताळणी बंद आहे, तुमचा अर्ज जपून ठेवला आहे, दुपारी पुढचे करा’ असे सांगितले पाहिजे. सर्किट ब्रेकर नावाची ही युक्ती मायकेल नायगार्ड यांच्या पुस्तकामुळे 2007 पासून संगणकाच्या क्षेत्रात रूढ आहे. ती नसल्याची किंमत मोहन्यातली बाई मोजते. एक दिवसाची मजुरी बुडवून ती दुकानात बसते आणि रिकाम्या हाताने परत जाते.

कल्याण-डोंबिवलीला तर हे शिकवण्याचीही गरज पडू नये. या शतकाच्या सुरुवातीला याच महापालिकेने नागरी सुविधा केंद्र उभारून कर, दाखले, तक्रारी एका खिडकीत आणल्या. त्या कामाचे देशात कौतुक झाले आणि राज्याने तोच नमुना इतर शहरांत नेला. आता खिडकीची जागा मोबाइलने घेतली आहे. महापालिकेला सर्व्हिस मेश लागणार नाही. तिचा भार तेवढा नाही. तिला हवा आहे एक नीट बसवलेला गेटवे, करसवलतीच्या शेवटच्या दिवसासाठी रांगेची सोय, आणि पैसे घेणारी सेवा तुंबली तरी जन्मदाखल्याची सेवा चालू राहील अशी भिंत. राज्य शासनाच्या मोठ्या संकेतस्थळांची गोष्ट वेगळी. लाखो लोक, अनेक विभाग आणि आधार-बँका-एसएमएस अशा परक्या सेवांवर अवलंबून असलेल्या ठिकाणी आतल्या वाटांवरची शिस्त टाळून चालणार नाही.

माणसांची वाण नाही. मोहन्याची एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली, तेव्हा एका पिढीचा रोजगार गेला. पुढच्या पिढीतली अनेक मुले आज सकाळी कसारा मार्गावरची लोकल पकडतात, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जातात आणि बँकांच्या, विमा कंपन्यांच्या यंत्रणा सांभाळतात. उत्तराची वाट किती वेळ पाहायची, रिट्रायला लगाम कसा घालायचा, हे त्यांचे रोजचे काम आहे. परदेशी ग्राहकांना ते जी सेवा देतात, ती घरच्या दहावी पास भावंडाला मिळू नये, याचे वैषम्य त्यांनाही वाटते.

एनपीसीआयने यूपीआयच्या कंपन्या आणि बँकांकडून 31 ऑगस्ट 2025 पर्यंत एक हमीपत्र मागितले होते: आपल्या यंत्रणेतून आपोआप जाणाऱ्या मागण्या रांगेत लावल्या जातील आणि त्यांवर मर्यादा राहील. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने असेच हमीपत्र शासनासाठी संकेतस्थळ बनवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराकडून निविदेतच घ्यावे. त्यात तीन गोष्टी असाव्यात. अपेक्षेच्या पाचपट लोक आले तर दारात काय उत्तर मिळेल ते लिहावे, नोंदणी सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी भाराची चाचणी घेऊन तिचा निकाल जाहीर करावा, आणि यंत्रणा तासाभराहून अधिक काळ बंद राहिली तर कारणांचा अहवाल मराठीत, त्याच संकेतस्थळावर, महिन्याच्या आत प्रसिद्ध करावा. पुढच्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागेल. त्याआधी एवढे करायला पुरेसा वेळ आहे.